थोरलीचा लिंब

माझं माहेर कड्याकडचं, आष्टीच्या अंगाला, तुमी कधी गेलता का तिकडं मास्तर? नसाल गेले तर काय बिघडलं न्हाई, नुस्तं माळरान हाय, पाऊस आला तर आला. पर तिथं एका जहागीरदाराची आमराई व्हती, लई जुनी, आन् माझा बाप त्या आमराईत गडी व्हता, म्हणजे राखण त्येचीच, आळी करायची त्येनंच, खत घालायचं त्येनंच, समदं त्येनंच. आमचं खोपट आमराईतच व्हतं, म्हणून मी आंब्याखाली जलमले आन् आंब्याखालीच वाढले म्हणा ना. बाप माणसाशी कमी बोलायचा, झाडापाशी गेला की बोलायचा. गोदे, म्हणायचा, माझं नाव गोदावरी, गोदे, झाडाचा गळा झाकू न्हाई. गळा म्हणजे काय, तर बुंधा जिथं जमिनीत शिरतो ना तिथं तो जरा पसरतो बगा, ती जागा, ती उघडी पाहिजे, तिला वारं लागलं पाहिजे. कुणी नवा गडी आला आन् बुंध्याला माती चढवायला लागला की बाप भांडायचा, तुझ्या नाकापत्तुर माती घालू का बे, म्हणायचा. एवढंच शिकले मी. बाकी काय न्हाई.

लगीन झालं ते बिजवराशी. ह्या गावात, नेकनूरच्या अलीकडं. बाप म्हणला, घर चांगलं हाय, हिरीला पाणी हाय, माणूस गुणाचा हाय, पयली बायको पटकीत गेली, लेकरू बाळ काय न्हाई. मला काय कळत व्हतं तवा, मला वाटलं मेली म्हणजे गेली. आन् काय सांगू तुमाला, मांडवात माझ्या गळ्यात काळं मणी पडायच्या आदी ह्यो पडला. ह्यो, बगा, ह्यो टाक. चांदीचा पत्रा हाय, त्येच्यावर बाई कोरलीय, डोळं नाक आता झिजलं. ही थोरली. दुसरेपणाच्या बाईनं सवतीला गळ्यात बांधायचं, आसा आमच्यात रिवाज, तुमच्यात बी आसंल. नवं लुगडं आलं तर आदी हिला दाखवायचं, हळदकुकू आदी हिला, सणाचा घास आदी हिला, म्हणजे ती कोपत न्हाई. थंडीत ह्यो टाक असा गार लागायचा छातीला की मी दचकून उठायची, आन् उन्हाळ्यात चुलीपुढं बसलं की तापायचा. संसार माझा, नवरा माझा, आन् दोघांच्या मधी ही.

बरं गळ्यात होती तर होती, म्हणलं असू द्या. पर ती राईत बी होती की. तुमी आत्ता जिथून आला ना ती मयताची राई. पटकीच्या साली गावात घराघरात माणूस गेलं, कुणी कुणाला खांदा द्यावा ह्ये कळंना, तवा गावानं ठरवलं की जो गेला त्येच्या नावानं वढ्याकाठी एक लिंब लावायचा. लिंबच कावून, तर ह्या आमच्या जमिनीत तो तगतो, आन् गुढीपाडव्याला त्येचा पाला लागतो. तवापासून ज्येनं त्येनं आपल्या माणसाच्या झाडाचा पाला पाडव्याला घरी न्यायचा आन् खायाचा, म्हणजे गेलेलं माणूस सणाला घरी आलं. आन् एखादं झाड वाळलं, पाडव्याला त्येला पालवी आली न्हाई, तर पाटील त्येच्या बुंध्याला गेरूचा पट्टा वढायचा. पट्टा वढलेलं झाड पुढल्या होळीला जायचं. गावाचा कायदाच तो, माणूस आता पुढं गेलं, सोडा त्येला, आसं.

थोरलीचा लिंब राईच्या तोंडालाच, वढ्याकडून गेलं की पयला. मालक रोज सकाळी हिरीवरून कावड भरायचे आन् आदी तिकडं जायाचे, घरातला रांजण कोरडा असला तरी. ताक केलं की पयला तांब्या झाडाला. आन् पार बांधला व्हता. आसा तसा न्हाई, घडीव दगडाचा, डोंगराकडून डोक्यावर दगड आणायचे, आन् दर साली दसऱ्याला एक थर चढवायचे, आत नदीची काळी माती भरायची, वरून चुना, वरून सारवण. माझ्या कमरेइतका झाला, मग छातीइतका झाला. लोकं म्हणायचे, बायकोवर माया करावी तर आशी. बायकोवर, म्हणायचे बगा, आन् मी तिथंच उभी आसायची, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन. मी काय होते मग? मला हिवतापानं धरलं तवा मालकांनी वैद्य आणला, खोटं कशाला बोलू, पर वैद्य येईपत्तुर ते कुठं व्हते, तर पार सारवत व्हते.

मी जळायची, तुमी लिवा, जळायचीच, त्यात लपवायचं काय. मेलेल्या बाईवर जळावं आसं कुणाला वाटंल का, पर जित्या सवतीचं बरं असतं मास्तर, तिच्याशी भांडता येतं, तिची भाजी खारट पडती, ती म्हातारी होत जाती, तिचं दात पडतात. हिचं काय पडणार? ही आपली बाविशीत गेली आन् तिथंच बसली.

मंग तिचा लिंब वाळायला लागला. शेंड्याकडून. आदी एक फांदी, मग दुसरी, पानं बारीक यायला लागली, पिवळी, मालकांनी पाणी वाढवलं, ताक वाढवलं, पाराचा आणखी एक थर चढवला, म्हणले मुळाला ऊन लागत आसंल. तिचाच न्हाई, ज्येला ज्येला पार व्हता ती समदीच झाडं आजारी. गरिबाघरची, ज्येंना पार बांधायला कुणी न्हवतं, ती जरा बरी, पर त्येंचं बी काय खरं न्हवतं, कारण राईतली जमीन आशी घट झालती की पहार मारली तर टणकन उडायची. बाजाराच्या गाड्या तिथं सुटायच्या, दौऱ्यावर साहेब लोक आले की घोडी तिथंच बांधायची, आन् आमच्या बायका मयताची जागा म्हणून रोज झाडून काढायच्या, पान पडू द्यायच्या न्हाईत, पाला गोळा करून जाळायच्या. मला दिसत व्हतं. बापाची लेक मी, मला दिसत व्हतं, पर मी म्हणलं मला काय करायचंय, वाळतीय तर वाळू द्या. पाडव्याला थोरलीच्या झाडाला पान न्हाई आलं. पाटलानं गेरूचा पट्टा वढला. मालक तीन सांजा जेवले न्हाईत, आन् मी, खरं सांगते, मी त्या दिवशी पोटभर जेवले.

दिवाळी आली. मालकांनी बीडाहून लुगडं आणलं, हिरवंगार, जरीकाठाचं, मी हात लावला तर हाताला गार लागलं, आसं लुगडं माझ्या अंगाला कधी लागलं न्हवतं. म्हणले, आण इकडं, थोरलीला दाखवून आणतो. मी म्हणलं टाक हाय की गळ्यात, इथंच दाखवा. तर म्हणले, न्हाई, यंदा तिचं शेवटचं साल, झाडालाच नेसवतो. नेले. मी वाट बघितली. सांजच्याला आले तर हात मोकळे. मी म्हणलं लुगडं? म्हणले, ऱ्हाऊ दे तिच्याच अंगावर, होळीपत्तुर, मग संगंच जाईल, तुला मी दुसरं आणतो.

दुसरं आणतो. मला दुसरं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीचा पाडवा, बायका ओवाळायच्या गडबडीत, आन् मी भर दुपारी पहार घेतली आन् राईत गेले. लपून न्हाई, सगळ्या गावाच्या देखत गेले. आदी लुगडं सोडलं, घडी घातली, बाजूला ठिवलं, लुगड्यावर माझा राग न्हवता. आन् मग पार फोडला. चुना जुना व्हता तरी लई चिवट, हाताची सालटं निघाली, पर मी एकेक दगड काढून असा फेकला, बायका वरडायला लागल्या, गोदा येडी झाली, सवत अंगात आली, कुणी म्हणलं पाटलाला बोलवा, कुणी मालकाकडं पळालं. माती ढासळली. आन् आत बघते तर काय, बुंध्याची साल मऊ झालेली, बोट घातलं तर बोट आत जातंय, पाणी सुटलेलं, आंबुस वास, खाली वाळवी. आन् मुळं, बाई बाई, मुळं खाली जायची सोडून वर त्या भरावात आलेली, आन् बुंध्याभवती अशी गुंडाळून बसलेली, दाव्यावाणी. तिचा गळाच आवळला व्हता. गळ्यापत्तुर माती, वरून पाणी, वरून ताक, वरून चुना.

मालक आले. हात उगारला. आयुष्यात एकदाच उगारला. मी म्हणलं, मारा, पर आदी खाली वाकून बगा. ह्ये कुणी केलं? म्या? न्हाई, तुमी केलं. दर साली एक एक थर घालून तुमीच मारली तिला. पटकीनं एकदा मारली, तुमी रोज मारली. आसं बोलले मी, आन् मला आसं बरं वाटलं ते बोलताना, काय सांगू. मालक वाकले, त्या मऊ सालीला हात लावला, आन् तिथंच मातीत बसले. मग म्हणले, गोदे, तुझा बाप आमराईत व्हता. तुला येतं. वाचव तिला.

आता बगा. माझा नवरा माझ्यापुढं हात जोडतो, पयल्यांदाच जोडतो, आन् कुणासाठी, तर तिच्यासाठी. मला रडू आलं का हसू ते मला आजूक कळलं न्हाई. मी म्हणलं, वाचवते. पर माझी अट हाय. तुमी ह्या झाडाला हात लावायचा न्हाई. पाणी घालायचं न्हाई. राईत पाऊल टाकायचं न्हाई, होळीपत्तुर. मी एकटी करीन. ते म्हणले, कावून गं? मी म्हणलं, तुमच्या हातानं ती मरती म्हणून. खरं कारण काय व्हतं ते तुमाला कळलंच आसंल. मला माझा नवरा सकाळचा घरी पाहिजे व्हता. तेवढ्यासाठी मी तिला पाणी घालायला तयार झाले.

मग केलं. आदी गळा मोकळा केला, हातानं, खुरप्याची टोकं लागू देऊ न्हाई म्हणून, जुनी मूळ जमीन लागंपत्तुर माती काढली. गुंडाळलेली मुळं एकदम न्हाई तोडली, थोडी आज, थोडी महिन्यानं, न्हाईतर झाड धसका खातं. सडलेली साल खरवडली, वारं लागू दिलं. बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या सावलीची कड जिथं येती तिथं, पहारीनं चर पाडले, त्यात कुजलेलं शेणखत आन् पाला दाबला. पाणी बी तिथंच, बुंध्याला न्हाई, आन् रोज न्हाई. भवती बोरीच्या काट्या लावल्या, ढोरं येऊ न्हाईत म्हणून, आन् झाडून घेणाऱ्या बायकांना सांगितलं, ह्या झाडाखालचं पान उचललं तर बगा. पाराचं दगड मी घरी आणलं, मागल्या दारी न्हाणी केली त्येची. चांगली न्हाणी झाली. रोज त्या दगडावर उभं ऱ्हाऊन अंघोळ करायची मी, आन् मला बरं वाटायचं.

आन् काम करताना बोलायची तिच्याशी. शिव्याच द्यायची जास्ती. म्हणायची, भवाने, मेलीस तरी माझ्याच हातून तुझी सेवा. मालक तिकडं घरी असायचे सकाळचे, दारात बसायचे, मी आले की वर बघायचे. मी जायाची तवा मला वाटायचं आता ते माझी वाट बघत आसतील. पर मी आले की पयला सवाल, कशी हाय ती?

होळीच्या आदी एका सकाळी गेले तर बुंध्यावरच, खालच्या अंगाला, साल फोडून तांबूस कोंब आलेला. एवढासा, नखाएवढा. त्येच्या वर आणखी. मी तिथं उभी ऱ्हायले. घरी आले. मालक म्हणले, कशी हाय? मी म्हणलं, तशीच. दुसऱ्या दिवशी बी म्हणलं, तशीच. मला वाटलं, सांगितलं की ह्यो माणूस कावड घेऊन निघाला पुन्हा. आन् न्हाई सांगितलं तर होळीला कुऱ्हाड येती, संपलं, गळ्यातला टाक तेवढा ऱ्हाईल. कोंब मोठा झाला, पानं सुटली, तांबडी, तेलकट, मी खाली काट्यांची जुडी लावून ठिवली, लांबून दिसू न्हाई म्हणून.

होळीच्या दिवशी सकाळी गडी आले कुऱ्हाडी घेऊन. मालक बी आले, अट मोडून न्हाई, वढ्याच्या पलीकडंच उभे ऱ्हायले, हातात ती हिरव्या लुगड्याची घडी, जाळायला संगं द्यायची म्हणून. मी झाडापाशी. कुऱ्हाड वर गेली. आन् मला काय झालं बगा, मला एकदम वाटलं, आज ही जळाली तर ही कायम बाविशीचीच ऱ्हाईल, आन् ह्यो माणूस जलमभर हिच्या राखेपाशी बसंल. जगू दे हिला. वाढू दे, वाकू दे, हिच्या खोडाला बी ढोली पडू दे. आन् दुसरं म्हणजे झाड माझं व्हतं. त्येच्या मुळाला माझी बोटं लागलती, मालकांची न्हाई. माझं झाड कोण तोडतंय बगू. मी काट्यांची जुडी उचलून फेकली आन् म्हणलं, हात लावाल तर खबरदार, ह्ये बगा. सगळे वाकून बगायला लागले. मालक वढा वलांडून पळत आले.

आन् लुगडं त्येंनी कुणाला दिलं सांगा. झाडाला न्हाई, मला दिलं. तिथंच, सगळ्यांपुढं. मी म्हणलं, जुनं झालं, दवात भिजलंय. पर घेतलं. पेटीत हाय आजूक, नेसले न्हाई.

पाडव्याला त्या झाडाचा पाला घरी आला. मालकांनी डोळं मिटून खाल्ला, पाणी आलं डोळ्यातून, आन् म्हणले काय, सगुणा आली. सगुणा तिचं नाव. ती आली. मी गेलते राईत, मी आणलं, माझी बोटं अजून फाटलेली, आन् आली कोण, तर सगुणा. मी माझ्या वाट्याचा पाला तसाच थुंकून टाकला, सण असून.

मंग गावच माझ्या मागं लागलं. गोदा, आमच्या म्हाताऱ्याचं झाड बग, गोदा, आमच्या लेकीचं बग. पाटील तेवढा अडून बसला, आईचा पार म्हणजे आईचा मान म्हणला, पुढल्या पाडव्याला तो बी नरमला. एकेक पार फोडला, एकेक गळा मोकळा केला. गाड्या सुटायला वढ्याच्या अल्याड जागा दिली, घोडी तिकडंच. जमीन सगळी उकरली, पाला पडू दिला, कुजू दिला, आता तुमी चाललात ना राईतून, पायाखाली मऊ लागलं का न्हाई? पावसाचं पाणी आता तिथं मुरतं. ह्ये समदं कशातून झालं तर माझ्या जळण्यातून झालं. लोकं मला पुण्यवान म्हणतात. म्हणू द्या.

मालक जाऊन आता लई साल झालं. जाताना म्हणले, माझा लिंब सगुणाच्या शेजारी लाव. बरं म्हणलं. पर जवळ न्हाई लावला. लोकं म्हणले, आगं शेजारी म्हणले व्हते, एवढं लांब कावून? मी म्हणलं, झाडाला झाड खेटलं की एकमेकाचं पाणी खातात, दोनी मरतात, विचारा कुणालाबी. त्यात खोटं काय न्हाई. मधी जागा सोडलीय, एका झाडाची. कुणासाठी ते काय सांगायला पाहिजे.

काळं मणी तुटलं मालक गेले त्या दिवशी. ह्यो टाक काढायचा का ऱ्हाऊ द्यायचा ते कुणालाच ठाऊक न्हवतं, म्हणून ऱ्हायला. नवरा गेला गळ्यातून, सवत ऱ्हायली. मला लेकरू न्हाई, मागं माझं म्हणावं आसं कुणी न्हाई, आता सांजच्याला जाऊन बसते तिच्यापाशी, बोलते, आता शिव्या कमी झाल्यात. तिच्या खोडाला ढोली पडली बगा, पोपट राहतात. म्हातारी झाली एकदाची. माझ्यापरीस जरा बरी दिसती तरी.

माझं मात्र लिंबाचं लावू नका, पाटलाला सांगून ठिवलंय, आंबा लावा, कड्याच्या त्या आमराईतली कोय आणून ठिवलीय. लिंबापाशी वरसातून एकदा येतात पाला न्यायला, आंब्याखाली पोरं रोज येतील. दगडं मारतील, मारू द्या.

बसा अजून, ऊन उतरलं की जा. देव तुमचं बरं करो, घरच्या बाईला माझा राम राम सांगा. आन् पुढं कधी आलात आन् मी नसले, माझा आंबा लावलेला दिसला, तर एक करा मास्तर. माझ्या झाडाला पार नको, पारानं झाड मरतं ह्ये मीच गावाला शिकवलंय. पर मागल्या दारी न्हाणीत जा आन् तिथला एक दगड उचला, एकच, आन् झाडापाशी ठिवा, बुंध्यापासून लांब, गळ्याला लागू न्हाई आसा. दुसरा कुठला आणू नका. त्यो मालकांनी डोंगरावरून डोक्यावर आणलेला हाय.